एक यार्ड आणि दीडशहाणे

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय तुमच्यापैकी निम्म्यांना परका वाटेल, पण भांडण ओळखीचं आहे, तेव्हा जरा धीर धरा.

अमेरिकन फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात घेऊन पळायचं, असला प्रकार. लेकीकडे रेडमंडला जाऊन-येऊन, आणि नातवानं चिकाटीनं शिकवल्यामुळे, मला तो बऱ्यापैकी कळतो. (कराडात हे सांगितलं की बायका हसतात. हसू देत.) त्या भागातला संघ म्हणजे सिअ‍ॅटलचा सीहॉक्स. १ फेब्रुवारी २०१५ ला हा संघ सुपर बोलचा अंतिम सामना एका यार्डावरून हरला. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची साधारण तेवढीच.

या गोष्टीला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. तरी सिअ‍ॅटलच्या माणसासमोर विषय काढा, त्याचा चेहरा बघा. आणि त्याच्या शेजारी एखादा आकडेमोड करणारा शहाणा बसलेला असेल तर तो हमखास म्हणणार, "तो निर्णय बरोबरच होता हो, फक्त निकाल चुकला. लोकांना कळत नाही." आमचे जावई या शहाण्यांपैकी एक. माणूस गुणी आहे, पण या विषयावर मला म्हणतात, "आई, तुम्ही रिझल्टवरून ठरवताय." माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

आधी झालं काय ते सांगते. समोर न्यू इंग्लंडचा पेट्रियट्स संघ, बिल बेलिचिक त्यांचे प्रशिक्षक, टॉम ब्रेडी त्यांचा क्वार्टरबॅक. तिसरा भाग संपला तेव्हा सिअ‍ॅटल २४-१४ नं पुढे होतं. मग ब्रेडीनं दोन टचडाऊन काढले आणि २८-२४ झालं. दोन मिनिटं शिल्लक. सिअ‍ॅटलचा जर्मेन कर्स यानं जमिनीवर पडल्या पडल्या, पायांवरून हातांवरून उडणारा चेंडू असा काही पकडला की मी सोफ्यावरून उठले. चेंडू आला पाच यार्डांवर. पुढच्या चालीत मार्शॉन लिंच चेंडू घेऊन घुसला आणि चार यार्ड खाल्ले. राहिलं एक. हातात अजून तीन प्रयत्न, एक टाइमआउट, आणि घड्याळात सव्वीस सेकंद.

हा लिंच कोण, ते ठाऊक हवं. जानेवारी २०११ मध्ये सेंट्सच्या विरुद्ध त्यानं एकामागून एक माणसं झटकत ६७ यार्डांची धाव काढली होती, तेव्हा प्रेक्षकांच्या नाचण्यानं स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली होती. त्या २०१४ च्या हंगामात धावून केलेल्या टचडाऊनमध्ये तो सगळ्या लीगमध्ये पहिल्या जागेवर होता, १३ टचडाऊन. त्या अंतिम सामन्यात त्यानं २४ वेळा चेंडू घेऊन १०२ यार्ड काढले होते. म्हणजे दर खेपेला चारच्या वर. हवा होता एक.

आणि वरून हुकूम आला, पास टाका.

रसेल विल्सननं टाकला. गर्दीत, आतल्या बाजूला, रिकार्डो लॉकेटकडे. मध्येच माल्कम बटलर नावाचा नवखा पोरगा घुसला, ज्याला निवडीच्या वेळी एकाही संघानं घेतलं नव्हतं, आणि त्यानं चेंडू उचलला. खेळ खलास.

आता शहाण्यांचं म्हणणं. मी ते प्रामाणिकपणे मांडते, कारण पूर्वपक्ष नीट न मांडता खोडणं हा आमच्या पिढीत वाह्यातपणा समजला जायचा. ते म्हणतात, टाइमआउट एकच होता. तीनदा पळत गेलात तर दोन प्रयत्नांत घड्याळ आणि टाइमआउट दोन्ही संपायची भीती. पास टाकला आणि खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं, म्हणजे मध्ये एक पास घातला तर तिन्ही प्रयत्न सुखानं मिळतात. शिवाय समोरच्यांनी धाव अडवायला जाडजूड माणसं उभी केली होती. शिवाय त्या हंगामात एक यार्डावरून सगळ्या लीगमध्ये शंभराहून जास्त पास टाकले गेले आणि तोवर एकही पळवला गेला नव्हता. उलट लिंचला त्याच हंगामात एक यार्डावरून पाचदा चेंडू दिला, त्यात टचडाऊन एकच झाला. प्रशिक्षक पीट कॅरल यांनीही थोडंफार हेच सांगितलं.

घड्याळाचा हिशेब बरोबर आहे. मी तो कागदावर करून पाहिला. पण मग मला सांगा, सव्वीस सेकंदच का उरले? लिंच एक यार्डावर आडवा झाला तेव्हा घड्याळात जवळजवळ एक मिनिट होतं. सिअ‍ॅटलनंच ते वाहू दिलं, ब्रेडीच्या हातात परत वेळ पडू नये म्हणून. म्हणजे आधी स्वतःच्या हातानं वेळ घालवायचा आणि मग वेळ नाही म्हणून पास टाकावा लागला असं सांगायचं. गृहपाठ न करणारी मुलं मला हेच कारण द्यायची, "बाई, वेळच नव्हता." आदल्या दिवशी नदीवर डुंबायला मात्र असायचा.

बरं, पासच टाकायचा होता तर हाच का? मैदानाच्या कोपऱ्यात उंच टाका, मिळाला तर मिळाला, नाहीतर सीमेबाहेर. घड्याळ थांबलंच की नाही? किंवा विल्सनला बाजूला पळू द्या. त्या हंगामात त्यानं स्वतः ८४९ यार्ड धावून काढले होते, क्वार्टरबॅक असून! तो पळता पळता ठरवेल, टाकायचा की घुसायचं. हे सोडून सगळी माणसं जिथे दाटली आहेत तिथूनच चेंडू सरळ काढायचा. घड्याळाचं कारण पास टाकायला पुरेल, पण असला पास टाकायला पुरत नाही. शहाणे नेमके इथे गप्प बसतात. "पास की धाव" एवढ्यावरच वाद घालतात, कारण तिथे त्यांच्याजवळ आकडे असतात.

आणि ही चाल समोरच्याला नवी नव्हती हो! बटलरला सरावात हीच चाल खेळवली होती आणि तेव्हा तो तिच्यात फसला होता. त्याला बजावलंही गेलं होतं. आणि कर्सनं ज्याला अडवून लॉकेटला वाट करून द्यायची, तो ब्रँडन ब्राउनर आदल्या वर्षापर्यंत सिअ‍ॅटलकडूनच खेळत होता. त्यानं कर्सला जागेवरून हलू दिलं नाही. घरातल्या माणसाला घरातला डाव टाकून फसवायला निघाले!

आता ते पाचपैकी एक. मी बी.ए. मराठी घेऊन झाले, पण गावच्या शाळेत गणिताचे तासही घ्यावे लागत, तेव्हा एवढं कळतं. एखाद्या शाळेत दहावीला तीन मुलं बसतात, तिन्ही पास होतात आणि फलकावर लिहितात, शंभर टक्के निकाल. पाच वेळांवरून माणसाची किंमत ठरवणारे त्याच फलकाखाली उभे आहेत. त्याच संध्याकाळच्या चोवीस धावा डोळ्यांसमोर होत्या, त्या मोजायच्या नाहीत?

पण आकड्यांपेक्षा माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

हा खेळ आपल्या खेळांसारखा नाही. कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा दम धरून स्वतः ठरवतो, बोनस घ्यायचा की हात लावून परतायचं. बाहेरून कोच ओरडत असतो, पण पाय त्याचे, डोकं त्याचं. इथे तसं नाही. दर चालीनंतर खेळ थांबतो. मैदानाबाहेर उभा असलेला किंवा वर काचेच्या खोलीत बसलेला एक माणूस, त्याला आक्रमणाचा समन्वयक म्हणू या, हॉटेलच्या मेनूकार्डाएवढा कागद बघतो, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून त्याच कागदानं तोंड झाकतो आणि पुढची चाल सांगतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो, त्यातून ती त्याच्या कानात पडते. चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद. क्वार्टरबॅकला ऐनवेळी बदल करायची थोडी मुभा असते, पण मूळ हुकूम वरचा. सिअ‍ॅटलचे हे गृहस्थ होते डॅरेल बेव्हेल. त्यांनी चाल सांगितली, कॅरलनी मान्य केली.

मला हे ओळखीचं वाटतं, त्याला कारण आहे. आम्हाला पाठ टाचण काढावं लागायचं. अमुक तासाला अमुक घटक, अमुक मिनिटं. एकदा मुसळधार पावसात निम्मा वर्गही आला नव्हता, तेव्हा मी समास बाजूला ठेवून आलेल्या मुलांकडून गोष्टी सांगून घेतल्या. नेमके त्याच दिवशी तपासनीस साहेब उगवले. शेरा मारला, "अध्यापन टाचणानुसार नाही." वर्गात किती मुलं बसली आहेत हे त्यांनी मोजलं नाही. त्यांच्या हातात कागद होता ना!

तेव्हा ज्या खेळात प्रत्येक पाऊल वरून ठरतं, तिथे लोकांनी वरच्या माणसाला जाब विचारला तर तो अडाणीपणा कसा? कोणी म्हणेल, २००७ साली जोहान्सबर्गला धोनीनं शेवटचं षटक जोगिंदर शर्माला दिलं, मिसबाहचा तो फटका श्रीशांतच्या डोक्यावरून गेला असता तर तुम्ही धोनीलाही शिव्याच घातल्या असत्या. घातल्या असत्या, नाही कशाला म्हणू? पण धोनी त्या क्षणी यष्टींमागे उभा होता. हरभजनला मिसबाहनं आधीच्या षटकात षटकार मारलेले त्यानं वीस पावलांवरून पाहिले होते. घामानं भिजलेल्या माणसाच्या निर्णयाला मी एक माप लावते आणि कागदवाल्याच्या निर्णयाला दुसरं. त्यात मला काही चुकीचं दिसत नाही.

कारण भोगतं कोण, ते बघा. कॅरलनी जबाबदारी आपल्या अंगावर घेतली, त्याबद्दल त्यांना नमस्कार. विल्सननंही घेतली. बेव्हेल मात्र बोलता बोलता असं सुचवून गेले की लॉकेटनं चेंडूसाठी आणखी जोर लावायला हवा होता. चाल यांची, आणि जोर कमी पडला त्याचा! बेव्हेल यांची नोकरी पुढे तीन हंगाम टिकली, २०१८ च्या जानेवारीत गेली. लॉकेटचं काय झालं? त्याच वर्षी १ नोव्हेंबरला डॅलसविरुद्ध खेळताना त्याच्या मानेला भयंकर मार बसला आणि त्याचा खेळ कायमचा संपला. सुपर बोल होऊन नऊ महिने झाले होते. आज त्याचं नाव काढलं की लोकांना तेवढा एकच चेंडू आठवतो. कागद धरणाऱ्या माणसाची मान मोडत नाही, म्हणून त्यानं दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोलताना जरा जपून बोलावं, एवढं तरी मागायचा हक्क बघणाऱ्यांना आहे.

हक्काचंच बोलायचं तर आणखी एक. सीहॉक्सनी १९८४ साली १२ हा आकडा खेळाडूंना देणं बंद केलं. अकरा जण मैदानात, बारावा प्रेक्षक, म्हणून तो आकडा प्रेक्षकांचा. गावभर १२ चे झेंडे. १९९७ मध्ये नव्या स्टेडियमसाठी राज्यात मतदान घेतलं, ते काठावर मंजूर झालं आणि सुमारे ३० कोटी डॉलर सार्वजनिक पैशातून गेले. आरडाओरडा करून समोरच्या संघाला ऐकू येईनासं करायचं असतं तेव्हा हा बारावा गडी हवा असतो. तिकीट काढताना हवा, कर भरताना हवा. तोच बारावा गडी म्हणाला, "लिंचला का नाही दिलात?" की लगेच त्याला सांगायचं, तुला या खेळातलं काय कळतं!

जावईबापू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, लेक पाठवतेच. शंभर पासांचा आकडा पाठ झालाय माझा, तो परत नको. लिंच पडल्यापासून पुढचा चेंडू हलेपर्यंत जे तीस-पस्तीस सेकंद गेले, त्यांचा हिशेब तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात धरलात, तेवढं कळवा. रविवारी फोनवर सांगितलंत तरी चालेल.