गुडघ्याची सूज उतरली, म्हणजे गुडघा बरा झाला का?



रमजानच्या रात्री तरावीहनंतर रंगणारे क्रिकेट असो, शाळेची कबड्डी असो की टर्फवरचा फुटबॉल, फिजिओथेरपिस्टकडे येणाऱ्या मुलांची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते. "पळता पळता वळलो आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगला."

मग घरी तेल लावून मालिश होते. कुणी हाडवैद्याकडे नेऊन "नस बसवून" आणतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, लंगडणे थांबते आणि मुलगा पुन्हा मैदानात जातो. जिना उतरताना किंवा चटकन वळताना गुडघा निसटल्यासारखा होतो, पण दुखत नाही म्हणून तो घरी सांगत नाही. खरा धोका इथेच आहे. प्रत्येक वेळी गुडघा निसटतो, तेव्हा आतल्या गादीला नवी इजा होऊ शकते. पहिल्या दुखापतीतून सावरणारा गुडघा अशा दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यांनी तरुण वयातच झिजू लागतो.

आत काय तुटते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, बांधून ठेवतात. त्यांतला सांध्याच्या मधोमध असलेला पुढचा अस्थिबंध (डॉक्टर त्याला 'एसीएल' म्हणतात) नडगीला पुढे सरकण्यापासून आणि पिळण्यापासून रोखतो. पाय जमिनीत रोवलेला असताना शरीर वळले, धावताना एकदम थांबलो किंवा उडी मारून चुकीचे उतरलो की तो तुटू शकतो. त्याच झटक्यात दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटू शकते. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा फुगला, तर बहुधा सांध्यात रक्त उतरलेले असते. ही सूज कधीही किरकोळ समजू नये.

पहिले दोन-तीन दिवस मालिश आणि शेक टाळावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा वाटीवर अथवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे लगेच काढावा. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाऊल थंड किंवा बधिर पडत असेल, तर क्षणभरही थांबू नये.

तपासणी कशी होते?

चांगला फिजिओथेरपिस्ट गुडघ्याला हात लावण्याआधी नीट विचारतो: पाय कसा वळला, आवाज आला का, सूज किती वेळात आली, गुडघा अडकतो की निसटतो? मग तो दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहतो, कारण तुमचा धड गुडघा हेच तुमचे खरे माप असते. मांडीचा घेर टेपने मोजतो. दुखापतीनंतर मांडीचा पुढचा स्नायू फार लवकर सुकतो.

त्यानंतर हाताच्या चाचण्या होतात. गुडघा २० ते ३० अंश वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली जाते. धड गुडघ्यात ती थोडी सरकून घट्ट थांबते. अस्थिबंध तुटला असेल तर तो घट्टपणा लागत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन लॅकमन यांच्या नावाची ही चाचणी १९७६ पासून वैद्यकीय साहित्यात आहे आणि आजही एसीएलसाठी सर्वांत भरवशाची मानली जाते. बाजूचे अस्थिबंध आणि गादी यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. ताज्या सुजेत स्नायू आखडून धरतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावले तर कंटाळू नका. एमआरआयमुळे निदान पक्के होते, पण गुडघा निसटतो की नाही हे फोटोपेक्षा हाताला अधिक कळते.

ऑपरेशन लागेलच का?

प्रत्येकाला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाचे ऑपरेशन लवकर केले, तर दुसऱ्या गटाला आधी व्यायाम देऊन गरज पडल्यासच ऑपरेशन केले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना ऑपरेशन लागलेच नव्हते. गुडघा वारंवार निसटत असेल, गादी शिवण्यासारखी असेल किंवा कबड्डी-फुटबॉलसारख्या वळणाच्या खेळात परतायचे असेल, तर सर्जन वेगळा सल्ला देऊ शकतात. मात्र व्यायाम दोन्ही वाटांवर अटळ आहे.

व्यायामाच्या पायऱ्या

पहिली पायरी: सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि झोपी गेलेला मांडीचा स्नायू जागा करणे. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. दिसायला साधा, पण पुढचे सगळे यावर उभे आहे.

दुसरी: ताकद आणि तोल. अर्धी बैठक, पायरी चढ-उतार, सायकल, एका पायावर उभे राहणे.

तिसरी: सरळ धावणे, मग उडी मारून मऊ उतरणे, मग वळणे.

चौथी: परीक्षा. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायाच्या उडीचे अंतर धड पायाच्या निदान ९० टक्के भरले पाहिजे.

घाई किती महाग पडते, हे २०१६ च्या नॉर्वे-अमेरिकेच्या अभ्यासात दिसले. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, परतणे जेवढे पुढे ढकलले, तेवढ्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. कुस्तीपटू विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा जायबंदी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले.

नमाज आणि मुलींविषयी

कअद्यात बसताना गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो आणि त्यावर वजन येते. सुरुवातीच्या काळात हे टाळावे. आजाऱ्याला खुर्चीवर बसून नमाजची सवलत आहे. तिची नेमकी पद्धत आपल्या इमामसाहेबांना विचारावी. पण "मला पुन्हा जमिनीवर बसून नमाज पढायची आहे" हे फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर धावता येण्याइतका गुडघा वाकला की उपचार तिथेच थांबतात. मग गादीवर, पायांमध्ये उशी घेऊन, हळूहळू खाली बसण्याचा सराव ते करून घेतील.

वळण्या-उडीच्या खेळांत मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि संकोचामुळे त्यांचे उपचार अर्धवट राहू शकतात. महिला फिजिओथेरपिस्ट मागणे हा तुमचा हक्क आहे. अम्मी किंवा बहीण सोबत बसू शकते. सैल सलवार मांडीच्या मध्यापर्यंत सरकवून, वर चादर घेऊन पूर्ण तपासणी होते.

खेळणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षकांना 'फिफा इलेव्हन प्लस' हा २० मिनिटांचा सराव करून घ्यायला सांगा. त्याला फारसे साहित्य लागत नाही. नॉर्वेतील किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींच्या २००८ मधील अभ्यासात या सरावाने एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या.

मुलाने खेळायचे बूट परत मागितले, तर आधी तीन गोष्टी विचारा: गुडघा निसटतो का? दोन्ही मांड्यांचा घेर सारखा झाला का? चौथ्या पायरीची परीक्षा झाली का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तेव्हाच बूट हातात द्या.

पुढच्या अंकात वयस्करांच्या गुडघेदुखीविषयी बोलू, इन्शाअल्लाह.