चिमूटभर हळदीचं अर्थशास्त्र

"किंमत वाढली की मागणी घटते" एवढं पेपरात लिहून आपण मार्क मिळवतो आणि विसरून जातो. मी नरसी नामदेवचा. आमच्या गावात हा नियम वर्षातून एकदा उलटा झाल्यासारखा वाटतो. आषाढी वारी करून आलेले वारकरी वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीला येतात. त्या दिवशी केळी, साबुदाणा महाग झाला तरी खप जास्तच! नियम मोडलेला नसतो. उपवासामुळे मागणीच वाढलेली असते आणि भाव तिच्या मागे धावतो.

आता हॉस्टेलचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि त्याचा वापर कितीतरी पटीने वाढला. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तर अनेकांनी नंबर बीएसएनएलला पोर्ट केला. पर्याय हाताशी असला की गिऱ्हाईक लगेच हलतं. हीच लवचिक मागणी.

पण आमच्या हिंगोली जिल्ह्याचं महत्त्वाचं पीक हळद. तिचं काय? भाजीत चिमूटभरच पडते. भाव दुप्पट झाला म्हणून कुणी पिवळी डाळ पांढरी खात नाही, आणि निम्मा झाला म्हणून दोन चिमट्या टाकत नाही. म्हणूनच पीक जरा कमी आलं की भाव आभाळाला, जरा जास्त आलं की जमिनीवर. सगळ्यांचं शेत पिकलं त्याच वर्षी शेतकऱ्याचे हात रिकामे! नऊ महिने राबून, हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून शेवटी मिळेल त्या भावात मोंढ्यावर घालायची, कारण देणेकरी दारात उभा असतो.

माझं स्पष्ट मत आहे, नुसतं "जास्त पिकवा" सांगणं हा उपाय नाही. वाळलेली हळद टिकते. गोदाम आणि गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळालं तर शेतकरी थांबू शकतो. कुरकुमीन, रंग, औषधं असे नवे उपयोग वाढले तर मागणीही वाढेल. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळही सुरू झालं.

मग आपण काय करायचं? फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तीच जुनी फाईल झेरॉक्स करण्यापेक्षा कमी जळणात हळद शिजवणारा बॉयलर किंवा स्वस्त ड्रायर करून बघा ना! सरांनीही असे विषय द्यावेत. गावाकडे त्याची वाट बघणारे बरेच आहेत.