चार पावलांची बातमी आणि दुर्गाघाटाच्या पायऱ्या

मज्जारज्जूच्या दुखापतीने कमरेखालचे बळ गमावलेली व्यक्ती यांत्रिक आधाराने उभी राहते, चार पावले टाकते आणि त्या क्षणाची चित्रफीत देशभर पसरते. उभे राहण्याचे मोल मोठे आहे. समोरच्याशी नजर मिळवून बोलता येणे हेही त्यातच आले. परंतु अशा बातमीत एक आकडा सहसा नसतो: एक मीटर चालण्यास किती ऊर्जा लागली?

निरोगी माणसाचे चालणे उलट्या लंबकासारखे असते. गुरुत्वमध्य प्रत्येक पावलागणिक वर-खाली होतो, स्थितिज आणि गतिज ऊर्जेची अदलाबदल होते आणि स्नायूंचे बरेच श्रम वाचतात. वेग मिनिटाला सुमारे 80 मीटर पडतो. गुडघे ताठ जखडणाऱ्या कॅलिपरमध्ये ही अदलाबदल मोडते. कुबड्यांवर भार देऊन सारे शरीर हातांनी उचलावे लागते. पायांच्या मोठ्या स्नायूंचे काम खांद्यांवर येते. दोन्ही खुब्यांचे सांधे तारेने जोडून एक पाय मागे जाताच दुसरा पुढे आणणारी रचना निघाली, तरी निरोगी वेगाचा चौथा हिस्साही क्वचितच गाठला जातो. उलट, सपाट जमिनीवर चाकाची खुर्ची चालवण्यास साधारण चालण्याइतकीच ऊर्जा पुरते. म्हणूनच अनेक घरांत कॅलिपर कोपऱ्यात पडून राहतात. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. तो शरीराने केलेला चोख हिशेब आहे.

मोटारीवर चालणारा बाह्यसांगाडा हा हिशेब काहीसा सुधारतो. अमेरिकेत 2014 मध्ये अशा उपकरणाला घरगुती वापराची परवानगी मिळाली. तथापि तोल सावरण्यासाठी बहुधा कुबड्या लागतातच, आणि किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहते.

या साऱ्याची खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर होते. काशीचा दुर्गाघाट पाहावा. मराठी कुटुंबांच्या या जुन्या वस्तीत अरुंद गल्ल्या आहेत आणि पुढे गंगेपर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. तेथे कॅलिपर थकतो आणि खुर्ची अडते. गुळगुळीत फरशीवरची चार पावले तेथील रहिवाशाला नदीपर्यंत नेत नाहीत.

म्हणून संशोधनाचे यश पावलांपेक्षा पोहोचलेल्या ठिकाणांवरून मोजावे. मद्रास आयआयटीने 2019 मध्ये सादर केलेली, बसलेल्यास उभे करणारी ‘अराइज’ खुर्ची याच दिशेची आहे: उभे राहण्याचा लाभही मिळतो आणि चाकांची काटकसरही टिकते. रस्ते व इमारतींची बाजू कायद्याने सांभाळावयाची आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सुगम्यतेचे किमान मानदंड बंधनकारक करण्याचा आदेश दिला. यंत्र आणि वाट यांचा विचार एकत्र झाला तरच दोन्हींवरचा खर्च सार्थकी लागेल.

पुढची अशी चित्रफीत दिसेल तेव्हा विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. जमीन कशी होती? वेग किती होता? आणि वर्षभराने ते उपकरण दिवसातून किती तास वापरात आहे?