लकव्याच्या रोग्याचे आधी चित्र, मग औषध



धार-देवासकडील आमच्या शेतकरी घरांत कुणाचे तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला वा जीभ अडखळली, की अजूनही प्रथम तेलाची मालीश सुरू होते. कुणी कबुतराचे रक्त सुचवतो, कुणी म्हणतो, "सकाळी पाहू." आमचे स्पष्ट मत असे, की ती सकाळ फार महाग पडते.

लकवा हा हातापायांचा नव्हे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. शेताच्या टोकाचे वाफे सुकले म्हणजे पाणी पोहोचत नाही एवढेच कळते. पाइप गाळाने तुंबला की मध्येच फुटला, हे शोधावे लागते. मेंदूचेही तसेच. कधी रक्ताची गुठळी अडकते, कधी वाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. परंतु गुठळी विरघळवण्याचे औषध वाहिनी फुटलेल्यास दिले, तर प्राणावर बेतेल. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, तोंडाने पाणीही पाजू नये.

हा भेद सी.टी. स्कॅन काही मिनिटांत दाखवतो. पुढे शिरेत आयोडीनयुक्त द्रव सोडून वाहिन्यांचे चित्र घेतले, म्हणजे अँजिओग्राफी केली, की अडथळा नेमका कोठे ते दिसते. या विद्येचा पाया डॉ. एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बन येथे घातला. आज जांघेतून बारीक नळी मेंदूच्या वाहिनीपर्यंत नेऊन काही रोग्यांची गुठळी ओढूनही काढतात. विरघळवणारे औषध मात्र साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. तेव्हा रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ ध्यानात ठेवावी.

"फोटोला एवढे पैसे कशाला?" असे काही जण विचारतात. प्रत्येक डोकेदुखीला स्कॅन करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु लकव्यात चित्राविना केलेला उपचार हा अंधारात मारलेला दगड होय. देवासहून इंदूर सुमारे ४० किलोमीटर, धारहून ६० च्या वर. रस्त्यापेक्षा घरातल्या सल्लामसलतीतच अधिक वेळ जातो. रात्रीही सी.टी. होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. प्रसंग येताच १०८ ला फोन करा.

संत मार्कच्या शुभवर्तमानात चौघांनी पक्षघाती माणसाला उचलून आणले आणि छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे सोडले. गर्दी ओसरेपर्यंत ते थांबले नाहीत. प्रत्येक गावात असे चौघे ठरलेले असावेत: एकाची गाडी, एकाजवळ पैसे, एक सोबतीला, एक मागे गुरे आणि पाणी पाहायला.

रुग्णाभ्यंग संस्कारासाठी आम्हांला अवश्य कळवा. पण आमची वाट पाहत रोग्याला घरी ठेवू नका. आम्ही इस्पितळात येऊ.