लडाखचं बॅनर बघून पैसे भरण्याआधी

बसस्टँडसमोरच्या चौकात परवा पुन्हा बॅनर लागलंय. मागे बर्फाचे डोंगर, मध्ये बुलेट आणि वर ठळक अक्षरात "मोहीम लडाख, ८ दिवस ७ रात्री". खाली मोबाईल नंबर आणि "मोजक्याच जागा शिल्लक".

गेल्या वर्षी असंच एक बॅनर बघून मीही पैसे भरले होते. जुलैत जाऊन आलो. फोटो टाकले, तुम्ही भरभरून लाईक दिले. जे टाकलं नाही ते आज लिहितोय. कारण दोन महिन्यांत सीझन सुरू होईल आणि आपल्या सटाण्या-मालेगावची पोरं पुन्हा निघतील.

आम्ही चौदा जण होतो. मनालीत भाड्याच्या गाड्या घेतल्या. सोबत एक बॅकअप गाडी, आपल्याकडचाच आयोजक आणि तिथला एक लाहौलचा तरुण. बॅनरवर त्याला 'मेकॅनिक' म्हटलं होतं. खरं तर रस्ता, हवा, नाले, माणसं, सगळं त्यालाच माहीत होतं. वाटाड्या तोच होता. पगार मात्र मेकॅनिकचा आणि शब्दाला किंमत त्याहून कमी.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, पहाटे पाचला निघू. कारण साधं होतं. दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. आमचे ग्रुप फोटो, ड्रोन, नाश्ता आटपून निघायला नऊ वाजले. बारालाचाच्या चढावर नाला लागला तेव्हा दुपार झाली होती. दोन गाड्या पाण्यात आडव्या झाल्या, बूट-मोजे ओले. आम्ही त्याचेही व्हिडीओ काढले.

त्याआधी जिस्पाला जेवायला थांबलो होतो. तिथे तो आयोजकाला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आज यहीं रुकते हैं. नये लोग हैं." आयोजक म्हणाला, तंबू सरचूला बुक आहेत. विषय संपला. मी शेजारीच उभा होतो, सगळं ऐकलं. मीही काही बोललो नाही. मलाही आठ दिवसांत परत येऊन दुकान उघडायचं होतं.

आता जरा आकडे बघा. आपला साल्हेर १,५६७ मीटर. कळसूबाई १,६४६. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, जिस्पा ३,२०० च्या आसपास आणि सरचू जवळपास ४,३००. म्हणजे एका दिवसात आम्ही सव्वादोन हजार मीटर वर चढलो आणि तिथेच झोपलो. डॉक्टरी नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज फार तर ५०० मीटरने वाढवावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आपलं लष्कर तर याहून कडक आहे. जवानाला ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस ठेवतात, मग १५ हजार फुटांपर्यंत आणखी चार दिवस आणि त्याच्याही वर जायचं तर अजून चार दिवस. विशी-पंचविशीच्या, रोज कवायत करणाऱ्या पोरांना ही सवलत. आणि आम्ही, दिवसभर गल्ल्यावर बसणारे, एका दिवसात सरचू!

त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा बोगदा, मनाली-लेह रस्ता ४६ किलोमीटरनं कमी झाला. रोहतांगचा घाट चढायचा त्रास गेला. फार मोठं काम आहे, शंकाच नाही. पण रस्ता सुधारला म्हणून आपलं फुफ्फुस सुधारलेलं नाही. उलट आता जास्त उंची जास्त झटपट गाठता येते, आणि धोका तिथेच आहे.

रात्री बहुतेकांची डोकी दुखत होती. कोणी जेवलं नाही. आमच्यातला एक, चाळिशीचा, रोज पहाटे पाच किलोमीटर पळणारा, सगळ्यांत फिट म्हणून आम्ही ज्याचं नाव घ्यायचो, त्याला दोनच्या सुमारास खोकला सुरू झाला. बसल्या जागी धाप लागायला लागली. फिटनेसचा आणि या आजाराचा संबंध नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उलट फिट माणूस जास्त जोरात वर जातो आणि त्रास झाला तर लपवतो.

ऑक्सिजनचा सिलिंडर होता. बॅनरवर लिहिल्याप्रमाणे होता. तो उघडायचा पाना नव्हता. अर्धा तास आम्ही मोबाईलच्या उजेडात टूलकिट उपसत होतो. शेवटी शेजारच्या तंबूवाल्यानं स्वतःचा सिलिंडर आणून दिला.

आयोजक म्हणाला, सकाळपर्यंत बघू. लाहौलच्या त्या पोरानं आमच्या मित्राच्या पाठीला कान लावला आणि म्हणाला, "अंदर पानी बोल रहा है. अभी नीचे जाना है." कोणाला विचारलं नाही. बॅकअप गाडी सुरू केली, मागची सीट आडवी केली, त्याला घातलं, सोबत एकाला घेतलं आणि निघाला.

सरचूचा पेच इथेच आहे, नीट समजून घ्या. सरचूहून सरळ खाली उतरायला रस्ताच नाही. लेहकडे जायचं तर पुढे पाच हजार मीटरचे घाट. मागे फिरायचं तरी आधी बारालाचा, म्हणजे जवळपास ४,९०० मीटर चढायचं आणि मग उतरायचं. फुफ्फुसात पाणी झालेल्या माणसाला वाचवण्यासाठी आधी आणखी वर न्यावं लागतं. तेही रात्री, त्या रस्त्यानं, शंभरेक किलोमीटर, केलाँगच्या दवाखान्यापर्यंत. हे त्या पोरानं केलं. मित्र वाचला. आता पुन्हा पहाटे पळतो. त्याला विचारूनच हे लिहितोय.

आणि आम्ही बाकीचे? सकाळी नऊला पुढे निघालो. बॅकअप गाडी नाही, वाटाड्या नाही, मित्राची खबर नाही, कारण फोनला रेंज नाही. तरी निघालो. बुकिंग होतं ना पुढचं. मीही गेलो. हे लिहायला लाज वाटते, पण ते झालंय.

परत आल्यावर चौकात बॅनर लागलं, "लडाख मोहीम फत्ते". चौदाही जणांचे हेल्मेटमधले फोटो. त्यात मित्राचाही. तो लेहला पोचलाच नव्हता.

या 'मोहीम' शब्दाचाच मला आता राग येतो. काय फत्ते केलं आपण? कोणावर स्वारी होती? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. आपलं मालेगाव शहरच त्यापेक्षा किती मोठं! वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. आपल्याकडे याच्या कितीतरी पट पडूनही आपण टँकर मागतो. तिथली शेती हिमनदीच्या वितळलेल्या पाण्यावर. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं हे ठरवायला गाव एक माणूस नेमतं, त्याला चुरपोन म्हणतात. मोसम-आरमच्या काठी ज्यांनी फड पद्धत पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आपला पाटकरी तो! ज्या गावात पाणी असं वाटून घेतात, घरोघरी बिनपाण्याचे मातीचे संडास असतात, तिथे आपण हॉटेलात गरम पाण्याच्या दोन बादल्या मागतो आणि नाही मिळाल्या तर रिव्ह्यू खराब करतो.

लेहला पोचल्यावर आणखी एक भांडण झालं. मनालीच्या भाड्याच्या गाड्या नुब्रा आणि पँगाँगला नेता येत नाहीत, तिथली गाडी घ्यावी लागते. तिथल्या गाडीवाल्यांची युनियन अडवते. आमच्यातले काही जण हुज्जत घालायला लागले, "देश एक आहे ना?" मीही आधी चिडलो. मग विचार केला. त्यांचा धंदा वर्षातले चार-पाच महिने. डोंगर त्यांचा, पाणी त्यांचं, कचरा आपला आणि पैसा बाहेरच्याचा, असं किती दिवस चालणार? आपल्या मार्केट यार्डात बाहेरचे टेम्पो येऊन भाडं मारायला लागले तर आपण त्यांना चहा पाजतो का?

आणि २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन पेटलं, चार माणसं गेली, तेव्हा आमच्या टूरच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय आला माहितीये? "पुढच्या वर्षीची टूर होईल ना?" ती माणसं सहावी अनुसूची मागताहेत, जमीन-नोकरीचं संरक्षण मागताहेत. त्यांचं सगळंच पटावं असं नाही. पण ज्यांच्या अंगणात फिरून आलो त्यांचं काय म्हणणं आहे, एवढं तरी विचारावं की नाही?

आता कोणी म्हणेल, सगळा दोष आयोजकाचा. नाही. तो वाईट माणूस नाही. आपण जे विकत घेतो तेच तो विकतो. आपल्याला आठ दिवसांत नुब्रा, पँगाँग, खारदुंग ला सगळं हवं असतं आणि तेही दोन हजारांनी स्वस्त. ज्यानं दहा-बारा दिवसांचा, विश्रांतीचा प्लॅन दिला त्याच्याकडे आपण जात नाही. "दोन दिवस नुसतं हॉटेलात बसायचे पैसे कशाला देऊ?" हे वाक्य मीच बोललोय.

तरी नियम हवेतच. राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांची नोंदणी, सुरक्षेचे निकष सांगितले. पण टूर विकायची सटाण्यात आणि चालवायची सरचूत, तर विचारणार कोण? जो इथे पैसे घेतो त्याची इथेच नोंदणी आणि इथेच जबाबदारी असली पाहिजे. एवढी एक मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे नक्की करू शकतो.

तोवर बॅनरवाल्याला फोन कराल तेव्हा हे पाच प्रश्न विचारा:

१. पहिल्या तीन रात्री किती मीटरवर झोपणार? पहिल्याच रात्री सरचू असेल तर फोन ठेवा.

२. विमानानं थेट लेहला गेलो तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आहे का? 'लोकल साईटसीईंग' म्हणजे विश्रांती नाही.

३. ऑक्सिजन सिलिंडर कोण हाताळणार? निघण्याआधी सगळ्यांसमोर उघडून दाखवा. पान्यासकट.

४. कोणाला खाली न्यावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाणार, खर्च कोणाचा आणि बाकीचा ग्रुप थांबणार का?

५. स्थानिक वाटाड्या कोण? आणि तो 'थांबा' म्हणाला तर थांबणार का? हे लेखी घ्या.

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आमच्याकडे रस्ता माहीत असलेला माणूस होता. दोनदा त्यानं सांगितलं, दोनदा आम्ही ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही, म्हणून एक जीव वाचला.

लडाखला जरूर जा. रात्रीचं तसं आभाळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण पाहुणा म्हणून जा. घरचा माणूस सांगेल तिथे बसायचं, सांगेल तेव्हा उठायचं.

आणि परत आल्यावर बॅनर लावायचंच असेल, तर त्यावर त्या मेकॅनिकचा फोटो लावा.