मांडीवरचे पिलू आणि गाडीचा ब्रेक

अशोक विजयादशमी जवळ आली की राहाता, साकुरी, अस्तगाव, पुणतांबा या भागातील आपल्या वस्त्यांतून नागपूरच्या वाटेची बोलणी सुरू होतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून चार घरांनी वर्गणी काढावी, गाडी ठरवावी, पहाटे निघावे आणि दिवसाउजेडी दीक्षाभूमीवर पोहोचावे, हे गरिबालाही जमू लागले आहे. पण घरची सगळी माणसे निघाली की प्रश्न उरतो दारातल्या कुत्र्याचा. कुणाकडे गावठी पिलू असते, कुणाच्या कामाच्या मालकिणीने दिलेले पामेरियन असते. मुले हट्ट धरतात आणि ते पिलू लेकीच्या मांडीवर बसून प्रवासाला निघते. त्या मांडीविषयीच आज आम्हाला दोन शब्द लिहायचे आहेत.

कुणी म्हणेल, पोटाला चिमटा काढून मुले शिकवणाऱ्या समाजाला हे कुत्र्याचे लाड कशाला सांगता? आम्ही म्हणतो, आपल्या झोपडीच्या दारात कुत्रे पूर्वापार आहे. अर्धी भाकरी खाऊन त्याने रात्रभर राखण केली आहे. प.पू. बाबासाहेबांनाही कुत्र्यांचा लळा होता. राजगृहात १९३४ च्या फेब्रुवारीत काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रात माता रमाई आणि यशवंतराव यांच्यासोबत त्यांचा लाडका टॉबी आहे. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला. तो लढा माणसाच्या हक्कासाठी होता, कुत्र्याचे पाणी तोडण्यासाठी नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक समजावून दिला आहे. करुणा माणसांपुरती असते, तथागतांनी त्यापुढे जाऊन सर्व जीवमात्रांशी मैत्री शिकवली. मात्र धम्मात मैत्रीच्या जोडीला प्रज्ञा असते. नुसता जीव लावून भागत नाही, डोके चालवावे लागते.

आता हिशेब करू. पाच किलोचे पिलू मांडीवर आहे आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. समोर ट्रॉली आडवी आली आणि गाडी धडकून जागीच थांबली, तर गाडी थांबते, पिलू थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जाते. त्या वेगाने समोरच्या काचेवर आपटणे म्हणजे सुमारे तीन मजली इमारतीवरून खाली पडणे. सेकंदाच्या दहाव्या भागात ते अडवायचे तर आपल्या हातांवर सुमारे ७० किलोचा झटका येतो. कांद्याची भरलेली गोणी अचानक अंगावर फेकली तर कुणाचे हात ती झेलतील? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. म्हणजे आईने कितीही घट्ट धरले तरी पिलू हातातून सुटणारच. ते पुढच्या माणसाच्या मानेवर आदळले तर दोन जीव जातील.

दुसरा धोका धडकेशिवायचाही आहे. मोकळे पिलू घाबरून चालकाच्या पायात शिरते आणि नेमके ब्रेकखाली अडकते. तेव्हा गाडीतल्या सगळ्यांचे प्राण त्या पिलाच्या अंगावर येऊन ठेपतात. पुढच्या सीटवरच्या मांडीत तर ते मुळीच नको. नव्या गाड्यांत पुढे एअरबॅग असते. ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुटते. माणसाला वाचवणारी तीच पिशवी मांडीवरच्या पिलाला चिरडून टाकते. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा खाणारे कुत्रे मुलांना गोड दिसते. पण धूळ आणि खडे त्याच्या डोळ्यांत जातात, बाजूने जाणाऱ्या वाहनाचा धक्काही लागतो.

मग न्यायचे कसे? लहान कुत्र्याला सर्वांत बरी जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागची, पाय ठेवायची जागा. तिथे पेटी ठेवली की ती पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये घट्ट बसते, सरकत नाही. बाजारातली पेटी महाग पडत असेल तर आपल्याकडे पेरू आणि डाळिंब भरण्याचे प्लास्टिकचे कॅरेट घरोघरी सापडते. एका कॅरेटवर दुसरे उपडे ठेवून चारी कोपरे सुतळीने नाही, तर तारेने पक्के आवळावेत. तारेची टोके बाहेर वळवावीत, तळाशी जुनी गोधडी अंथरावी. हवा चारी बाजूंनी खेळते. विकत मिळणाऱ्या चांगल्या पेटीची बरोबरी हे कॅरेट करणार नाही, पण मांडीपेक्षा शंभर पटीने बरे. पिलाला त्यात उठता-बसता आणि वळता आले पाहिजे, मात्र पेटी फार मोठीही नको, नाहीतर ते आतच आपटते. प्रवासाच्या आठवडाभर आधी हे कॅरेट घरात ठेवावे, त्यातच भाकरी टाकावी. म्हणजे ती त्याला आपली जागा वाटते आणि वाटेत ते रडत नाही.

पेटी नसेल तर छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा घालावा, तो मागच्या सीटबेल्टला आखूड दोरीने बांधावा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नये, झटक्याने मान मोडते. टेम्पोच्या उघड्या हौदात गळ्याला दोरी लावून कुत्रे नेतात, ते तर फाशी देण्यासारखेच आहे. उडी मारली की ते लटकते. जनावराला हाल होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

इथे आमच्या चालक बांधवांना खास सांगणे आहे. शिर्डीच्या रस्त्यावर आपली कितीतरी तरुण मुले भाड्याच्या गाड्या चालवतात. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके केसाळ कुत्री मांडीवर घेऊन बसतात आणि चालक भिडेखातर गप्प राहतो. गप्प राहू नये. ‘साहेब, कुत्रे मागे खाली ठेवा, पट्ट्याने बांधा, नाहीतर गाडी हलणार नाही,’ असे नम्रपणे पण ठणकावून सांगावे. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे, अपघाताचा ठपकाही तुमच्याच माथी येणार आहे.

आता उन्हाविषयी. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करते. त्यातही चपट्या तोंडाच्या पग जातीला ते नीट जमत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी उष्णता वाढते. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा ‘चहा घेऊन आलोच’ म्हणून पिलाला गाडीत कोंडून जाणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे. ते जोरजोरात धापू लागले, लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, तर ताबडतोब सावलीत न्यावे. अंगावर साधे गार पाणी ओतावे, पुठ्ठ्याने वारा घालावा, तोंडात बळेच पाणी ओतू नये आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघावे.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये, म्हणजे ओकारी होत नाही. पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. दर दोन तासांनी थांबावे. दार उघडण्याआधी दोरी हातात घ्यावी. महामार्गावर निसटलेले कुत्रे सहसा परत मिळत नाही आणि त्याच्यामागे धावणारे पोरही गमवायची वेळ येते. पट्ट्यावर घरचा फोन नंबर पक्क्या शाईने लिहावा. रेबीजची लस टोचून घ्यावी, तिचे कार्ड जवळ ठेवावे. घाबरलेले कुत्रे घरच्यालाही चावते. चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

जातककथांत कुक्कुर जातक आहे. राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्रीच्या पावसात भिजले आणि कुत्र्यांनी कुरतडले. राजाने नगरातली कुत्री मारण्याचा हुकूम सोडला, राजवाड्यातली पाळीव कुत्री तेवढी वगळली. स्मशानातल्या कुत्र्यांचा नायक असलेला बोधिसत्त्व थेट दरबारात गेला. त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून दर्भ पाजायला लावला आणि त्यांच्या पोटातून चामडे बाहेर पडले. दोष वाड्यातल्यांचा आणि मार मात्र उकिरड्यावरच्यांना, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. गाडीत मोकळ्या सोडलेल्या पिलामुळे अपघात झाला, तर ‘कुत्रे आडवे आले’ असे म्हणून मोकळे होऊ नये. दोष न बांधणाऱ्याचा असतो.

शेवटी एक. दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर असतो. त्या गर्दीत पिलू पायदळी जाईल किंवा हरवेल. तिथे त्याला नेऊच नये. शेजारच्या मावशीला सांगावे, चार भाकरी आणि पाण्याची पाटी ठेवून जावे. परतल्यावर त्यांच्याही दाराची अशीच राखण करावी. पण माहेरी जाताना, बिऱ्हाड हलवताना, दवाखान्यात नेताना जेव्हा ते गाडीत असेल, तेव्हा त्याला मांडीवरून उतरवून पेटीत ठेवा. ते थोडे कुरकुरेल, मुले रुसतील. रुसू द्या. सगळी सुखरूप घरी येणे महत्त्वाचे.

जय भीम! नमो बुद्धाय!