दोन बाया, पंचवीस लेकरं

हैदराबादच्या गौलीगुड्यात निजामाच्या काळातली एक अवाढव्य लोखंडी शेड होती. १९३२ पासून तिथे बसस्थानक होतं. ५ जुलै २०१८ च्या पहाटे ती कोसळली, पण कुणाचा जीव गेला नाही. शेड धोक्याची झाल्याचं आधी लक्षात आलं होतं आणि बसगाड्या वेळीच हलवल्या होत्या. कुणीतरी वर मान करून नीट पाहिलं आणि पाहिल्यावर पाऊल उचललं. तपासणी म्हणतात ती हीच.

याच वस्तीच्या अवतीभवती राबणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांकडे असं कोण पाहतं? सुलतान बाजारातली साडीच्या दुकानातली विक्रेती रात्री नऊला सुटते. झाडूवाली पहाटेच बाहेर पडते. तीन वर्षांपुढचं मूल अंगणवाडीत बसतं. त्याहून धाकट्याच्या वाट्याला बालामृतम या पूरक आहाराचं पाकीट येतं. पाकीट घरी येतं खरं, पण भरवायला घरी कोण असतं? आजी, नाहीतर शेजारीण, आणि तीही नसेल तर शाळा बुडवून बसलेली आठ वर्षांची ताई.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. दहा माणसांचं दुकान त्यात येत नाही, आणि बाजार अशाच दुकानांचा असतो. उरतं सरकारी पाळणाघर. २०२२ च्या ‘मिशन शक्ती’मधल्या ‘पालना’ योजनेत अंगणवाड्यांनाच पाळणाघरं जोडायची आहेत. देशभराचं उद्दिष्ट १७,००० आहे. कल्पना चांगली आहे. पण तिच्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं माप आठवा: महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, एका सेविकेच्या आणि एका मदतनीस बाईच्या हाती पंचवीसपर्यंत मुलं, वयं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत.

अशा खोलीतली दुपारी एकची वेळ डोळ्यांसमोर आणा. सेविका मांडीवरच्या बाळाला खिमट भरवते आहे. दुसऱ्याचं दुपटं ओलं झालंय. तिसरं दाराकडे रांगत निघालंय. मदतनीस मोरीवर ताटं घासते आहे. ओल्या दुपट्यातलं बाळ रडून रडून थकतं आणि तसंच झोपतं. पर्यवेक्षिका येते तेव्हा हजेरीपट जुळलेला असतो, वजनं भरलेली असतात, साठ्याची वहीही बरोबर असते. ते बाळ किती वेळ ओलं राहिलं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं आणि सगळीकडे कॅमेऱ्यांची मागणी झाली. कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा मारणारा हात दाखवतो, सांभाळणारा हात वाढवत नाही. हात वाढवायला पैसा लागतो.

तो पैसा किती आहे? ऑक्टोबर २०१८ पासून अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला आकडा ४,५०० रुपये आहे. राज्यं त्यात भर घालतात, पण सरकारच्या लेखी सेविका कर्मचारी नव्हे, ‘मानसेवी’. पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला, मुलामागे दिवसाला ८ रुपये. कोपऱ्यावरचा इराणी चहासुद्धा त्याहून महाग आहे.

म्हणून निकष कडक करा ही मागणी एकटी करून भागणार नाही. पैशाविना आलेला निकष कुलूप लावून जातो. सहा मुलं सांभाळणाऱ्या गल्लीतल्या काकूंचं पाळणाघर नोटिशीने बंद झालं, तर ती सहा मुलं पुन्हा आठ वर्षांच्या ताईकडेच जातील. मुलाच्या जिवाला धोका असेल तिथे त्याच दिवशी टाळं लावावं. बाकी ठिकाणी तपासणीच्या शेऱ्यासोबतच दुरुस्तीची रक्कम आणि मुदत मंजूर व्हावी. आणि तो अहवाल दारावर तेलुगू, उर्दू, हिंदीत लावावा, आयांना वाचता येईल असा.

पाळणाघराच्या वेळा हासुद्धा निकषच आहे, आणि त्या आयांच्या सोयीने ठरायला हव्यात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गौलीगुड्यात अंगणं उरलेली नाहीत, पण बाजार सुटण्याची वेळ सगळ्यांना ठाऊक आहे. पाळणाघर तोवर उघडं हवं. त्यासाठी दुसरी पाळी लागेल, आणि दुसऱ्या पाळीचा पगार अंदाजपत्रकात आधी लिहावा लागेल.

आणि तपासणीला येणाऱ्या बाईंनी न कळवता दुपारी एकला यावं, चपला बाहेर काढाव्यात, वही बाजूला ठेवून अर्धा तास मुलांमध्ये सतरंजीवर बसावं.